सव्वाचार आणि चार पस्तीस

अक्कानं पगाराची चिठ्ठी माझ्यासमोर टेबलावर ठेवली आणि नुसतीच उभी राहिली. शनिवारची संध्याकाळ, सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टॉवेलचा एक छोटा कारखाना, आत लूम खडखडतायत त्यामुळं बोलायचं म्हणजे ओरडूनच बोलावं लागतं, आणि ही बाई काही बोलतच नाही. मी मान वर केली. "काय झालं अक्का?" तर चिठ्ठीवर बोट ठेवून म्हणली, "शंभर डझनचं किती व्हतंय?"

टॉवेलच्या कडा शिवायचा दर डझनला चार रुपये पस्तीस पैसे. शंभर डझन. चिठ्ठीवर छापलेलं ४३४.००.

मी म्हणलं, चारशे पस्तीस.

"मग हितं चौतीस का?"

तो प्रोग्राम मीच लिहिलेला. मालक बाजूलाच बसलेले, त्यांना हसू आलं, खिशातनं रुपयाचं नाणं काढून त्यांनी पुढं केलं. अक्कानं घेतलं नाही. "रुपयाचं नाही ओ दादा, हिशोब चुकलालाय की." घरात तेलुगू, कारखान्यात मराठी, बाजारात दोन्ही आणि वर थोडं कन्नड, असं बोलणारी ही पूर्व भागातली बाई, आणि तिनं एका वाक्यात माझी इज्जत काढली, ती पण मराठीत.

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात तिचे बरोबर शंभर डझन झाले म्हणून हे सापडलं. बाकीच्या बायकांचे ८७, ९३ असले आडवे आकडे, त्याला ४.३५ नं तोंडी कोण गुणत बसतंय.

रात्री जेवून कोड उघडला. पीएचपी नावाच्या प्रोग्रामिंगच्या भाषेतला जुना कोड, कुणाला दाखवू नये असा. त्यात एक ओळ होती जिचा मला तेव्हा फार अभिमान होता. कुठंतरी वाचलं होतं की पैशाचा हिशोब टिंबात ठेवू नये, सगळं पैशात करून पूर्णांकात ठेवावं, म्हणून मी दराला शंभरनं गुणून पुढं 'इंट' लावलं होतं. सल्ला बरोबर होता, माझं शहाणपण मात्र अर्धं होतं. ४.३५ गुणिले १०० किती, ते सगळी टिंबापुढची घरं उघडून छापलं तर स्क्रीनवर आलं ४३४.९९९९९९९९९९९९९४. आणि इंट काय करतो, तर टिंब दिसलं की पुढचं सगळं तोडून टाकतो, पुढं एक असो की तेरा नऊ असोत त्याला काही घेणं नाही. राहिले ४३४ पैसे. डझनामागं एक पैसा गायब, शंभर डझनाला रुपया.

पण मला झोप लागू दिली नाही ती दुसऱ्याच गोष्टीनं. हाच प्रोग्राम त्याआधी वर्षभर चालला होता आणि एक पैसा चुकला नव्हता. तेव्हा दर होता सव्वाचार. दिवाळीला मालकांनी दहा पैसे वाढवले, आणि वाढवल्या दिवसापासनं प्रोग्राम त्या दहातला एक पैसा परत काढून घ्यायला लागला. मी ४.२५ टाकून बघितलं, ४२५, चोख. ४.५०, चोख. ४.७५, चोख. मग १.१५ टाकलं तर ११४. १९.९९ टाकलं तर १९९८. परत साडेसात टाकलं, ७५०, चोख. रात्री दीड वाजता हे करत असताना मित्राचा मेसेज आला, काय बे, काय करलालास अजून. मी लिहिलं, एक रुपया शोधलालाव. त्यानं फक्त हात जोडलेले पाठवले.

आता हे चोख आणि नासके आकडे बघता बघता मला आजोबा आठवले.

आजोबा चाटी गल्लीत एका कापडाच्या पेढीवर दिवाणजी होते. मी तिसरी-चौथीत असेन तेव्हा मे महिन्यात दुपारी सगळे झोपले की ते मला पावकी म्हणायला लावायचे. आमच्या शाळेत पाढे तीसपर्यंत, पण हे पाढे वेगळेच, पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, आणि सगळ्यात भारी औटकी, म्हणजे साडेतीनचा पाढा. चार औट चौदा, सहा औट एकवीस. शाळेतल्या बाईंनापण औट म्हणजे काय माहीत नव्हतं याचा मला कोण आनंद. आजोबांच्या डोक्यात जगात चारच अपूर्णांक होते, पाव, अर्धा, पाऊण आणि त्याची पोरंबाळं. वजनं पण तशीच, शेर, त्याचा अर्धा अच्छेर, त्याचा अर्धा पावशेर, त्याचा अर्धा नवटाक, त्याचा अर्धा छटाक. प्रत्येक वेळी निम्मं. रुपयाचे आणे सोळा, आण्याचे पैसे चार, म्हणजे रुपयाचे चौसष्ट. परत निम्म्याचं निम्मंच.

कंप्युटर आतून असाच आहे! त्याच्या पेटीत वजनं आहेत ती एक, अर्धं, पाव, नवटाक, छटाक, छटाकाचं अर्धं, त्याचं अर्धं, अशी खाली खाली जाणारी, वरच्या बाजूला दोन, चार, आठ अशी दुप्पट होत जाणारी, आणि प्रत्येक वजन एकदाच वापरायचं. दशमान त्याच्याकडं नाहीच, ते आपल्याला दाखवायपुरतं. त्याला पस्तीस पैसे तोलायला सांगा. आधी पाव ठेवतो, पंचवीस झाले, उरले दहा. रुपयाचं नवटाक म्हणजे साडेबारा पैसे, ते जास्त होतंय, म्हणून छटाक, सव्वासहा. उरले पावणेचार. छटाकाचं अर्धं, सव्वातीनच्या जरासं आत. उरलं अर्ध्या पैशाच्या थोडं वर. त्याच्यासाठी अजून बारीक वजन, त्याच्यापुढं अजून बारीक, आणि गंमत म्हणजे हे कधी संपतच नाही, आपल्याला एक भागिले तीन दशमानात लिहिताना ३३३३ संपत नाही तसंच. शेवटी मशीन साधारण ५३ घरं झाली की थांबतं. टिंबवाले आकडे ठेवायच्या नेहमीच्या 'डबल' प्रकारात तेवढीच जागा आहे, १९८५ साली आयट्रिपलई ७५४ नावाचं मानक आलं त्यात ते ठरलं, त्यामागचं मुख्य डोकं विल्यम काहान यांचं, संगणक क्षेत्रातलं १९८९ चं ट्युरिंग पारितोषिक त्यांना याच कामाबद्दल मिळालं. तर ५३ व्या घरापाशी थांबल्यावर आपले ४.३५ होतात ४.३४९९९९९९९९९९९९९६. म्हणजे अक्काच्या दरात मशीननं आधीच एक केसभर काटा मारलेला असतो, आणि मग माझा इंट येऊन त्या केसाचा अख्खा पैसा करतो.

आणि सव्वाचार? चार आणि पाव. दोन वजनं, संपला विषय.

म्हणजे आजोबांचे आणे मशीनला तंतोतंत कळले असते. एक आणा, तीन आणे, अकरा आणे, चौसष्टातला एक पैसा सुद्धा, कशातच काही सांडलं नसतं. फक्त पै नसती चालली, कारण आण्याच्या पै बारा आणि बारात तीन घुसलेला आहे, तिथं मशीन परत अडखळलं असतं. बाकी १ एप्रिल १९५७ ला आपण दशमान नाणी आणली ती माणसांच्या सोयीसाठी, आणि ते बरोबरच केलं म्हणा, पावकी पाठ करण्यात माझं किती बालपण गेलंय ते मला माहितीय. पण त्या दिवशी आख्ख्या देशाला पण माझ्यासारखंच टिंब काढून पूर्णांक करावा लागला होता. एका आण्याचे खरे नवे पैसे सव्वासहा. सव्वासहाचं नाणं कुठनं आणणार? म्हणून तक्ता निघाला, एका आण्याचे सहा, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस, चार आण्यांचे पंचवीस. आजोबा सांगायचे की त्या दिवसांत तीन आण्याचा जिन्नस एकदम घेतला तर एकोणीस, पण आण्या-आण्याचा तीनदा घेतला तर अठरा, आणि पेठेत असं तीनदा घेणारी गिऱ्हाइकं होती. लोकांना राउंडिंग शिकवायची गरज नसते, त्यांचा पैसा त्यात असला की झालं.

तर इंट. मी प्रोग्रामिंग शिकलो ते एका क्लासमध्ये व्हीबी सिक्सवर, आणि आता मागं वळून बघितलं तर ती भाषा या बाबतीत भलतीच प्रामाणिक होती. तिच्यात तीन वेगवेगळी फंक्शनं होती, इंट, फिक्स आणि सीइंट. आमच्या सरांनी तिन्हीचा अर्थ एकच सांगितला, "टिंब काढतं." वजा २.७ दिलं तर फिक्स वजा २ देतो, म्हणजे शून्याच्या दिशेला तोडतो, आणि इंट वजा ३ देतो, म्हणजे खालच्या दिशेला उतरतो. सीइंट जवळच्या पूर्णांकाला जातो. हे तीन वेगळे निर्णय आहेत. बाकीच्या भाषांनी काय केलं, यातला एक निर्णय आपणच घेऊन टाकला आणि त्याला इंट नाव दिलं. सी, जावा, पीएचपी, पायथन यांचा इंट शून्याकडं तोडतो. एक्सेलमधला इंट मात्र खाली उतरतो. पायथनमध्ये तर एकाच घरात दोन तऱ्हा, इंट शून्याकडं जातो पण दोन तिरक्या रेघांचा भागाकार खाली जातो, वजा सात भागिले दोनचे वजा चार. डेटाबेसवाल्यांचं अजून निराळं, पोस्टग्रेसमध्ये २.७ चा पूर्णांक करा म्हणलं तर ३ मिळतो, एसक्यूएल सर्व्हरमध्ये तेच म्हणलं तर २.

वजा आकड्याला कोण विचारतंय असं वाटेल. कारखान्यात उचल असते. बाईनं लग्नाला, दवाखान्याला आधी पैसे उचललेले असतात, खातं वजा असतं. समजा खातं वजा ३७.६० आहे. इंट लावला तर वजा ३७ होतं, बाईचे साठ पैसे वाचले. फ्लोअर, म्हणजे नेहमी खाली उतरणारं फंक्शन, लावला तर वजा ३८, तिच्या अंगावर चाळीस पैसे चढले. आणि जमा असेल तेव्हा दोघंही खालचंच देतात. म्हणजे फ्लोअर दोन्ही बाजूनी मालकाच्या पारड्यात पडतो, देताना कमी देतो आणि घेताना जास्त घेतो. अर्थात हे ठरवून कुणी करत नाही. मी तरी नव्हतं केलं. मला फ्लोअर हे नाव आवडायचं, म्हणून एका ठिकाणी लिहिलं होतं.

मग सरळ राउंड करावं की, जवळच्या पूर्णांकाला न्यावं, सगळे म्हणतात. करावंच, माझ्या त्या ओळीत राउंड घातलं की ४३५ येतात. पण बरोबर अर्ध्यावर आलं की परत भाषा भांडायला लागतात. अडीचचं राउंड पायथन २ मध्ये तीन होतं, पायथन ३ मध्ये दोन आहे, आणि साडेतीनचं चार. चूक नाही ती, अर्धं आलं की जवळच्या सम आकड्याला जायचं असा नियम आहे, व्हीबीचा सीइंट पण तेच करायचा. कारण अर्धं नेहमी वरच ढकललं तर हजारो नोंदींत बेरीज हळूहळू फुगत जाते, आणि सम-विषमवर सोडलं तर निम्मे वर जातात निम्मे खाली. जीएसटी कायद्याच्या कलम १७० ला हे मान्य नाही, तिथं पन्नास पैसे किंवा जास्त असले की वरचा रुपया, कमी असले की सोडून द्यायचे, सरळ हिशोब. जावा आणि जावास्क्रिप्टमध्ये वजा अडीचचं वजा दोन होतं, सीमध्ये वजा तीन. आणि जावास्क्रिप्टचं ते पार्सइंट, त्याला ०.००००००५ द्या, उत्तर येतं पाच. कारण ते आकडा आधी अक्षरांत लिहून घेतं, एवढा बारीक आकडा "५ ई वजा ७" असा लिहिला जातो, मग ते डावीकडनं वाचत येतं, पाच दिसतो, ई दिसला की थांबतं. शाळेत असं पोरगं असतं, अर्धा प्रश्न वाचून उत्तर लिहिणारं.

एक पैशावरनं एवढं काय, असं मालक म्हणालेच दुसऱ्या दिवशी. त्यांना मी व्हँकुव्हरची गोष्ट सांगितली. कॅनडातल्या त्या शेअर बाजारानं जानेवारी १९८२ मध्ये नवा निर्देशांक काढला, सुरुवात १००० वर. प्रत्येक सौद्याला तो नव्यानं मोजायचा आणि तीन दशांश ठेवून बाकीचं तोडायचं. राउंड नाही, तोडायचं. दिवसाला हजारो वेळा. एका वेळी जातंय ते एका अंकाच्या हजाराव्या भागातलं काहीतरी, पण नेहमी एकाच दिशेला. नोव्हेंबर १९८३ मध्ये निर्देशांक ५२४ च्या आसपास आला, बाजार काही तेवढा पडलेला नव्हता, नीट मोजल्यावर तो निघाला जवळजवळ १०९९. निम्म्याहून जास्त माल नुसता तोडण्यात गेला. मालक शेअरवाले आहेत, त्यांना हे लगेच पटलं. एरियन ५ चं रॉकेट सांगितलं ते तेवढं पटलं नाही, ४ जून १९९६, चौसष्ट बिटांचा टिंबवाला आकडा सोळा बिटांच्या पूर्णांकात कोंबायला गेले, त्यात ३२७६७ पेक्षा मोठं मावत नाही, जुन्या एरियन ४ साठी लिहिलेला भाग तसाच उचलला होता आणि नवं रॉकेट जास्त जोरात जाणारं, उड्डाणानंतर चाळीस सेकंदांच्या आत सगळं संपलं. "ते रॉकेट आहे बाबा," मालक म्हणाले, "आपला टॉवेल आहे."

पण सोलापूरकराला इतकं लांब जायची गरजच नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये आपल्याच मार्केट यार्डातली ती पट्टी सगळ्या देशानं बघितली, जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा, आडत-हमाली-तोलाई-भाडं सगळं वजा जाऊन हातात २ रुपये ४९ पैसे, आणि चेक आला दोन रुपयांचा. त्या वेळी मी ती बातमी इतरांसारखीच वाचली आणि चिडलो. आता वाचली तर पहिलं डोक्यात आलं की इथं इंट लावा, फ्लोअर लावा, राउंड लावा, सगळ्या भाषांचं एकमत आहे, दोन. एकच फंक्शन वेगळं बोललं असतं, नेहमी वर चढणारं सीलिंग, ते तीन म्हणलं असतं. आणि ५१२ म्हणजे तर मशीनच्या पेटीतलं अख्खं एक वजन, दोनचा नववा घात. असल्या गोष्टी सुचतात याची लाज पण वाटली थोडी.

दुरुस्ती दोन मिनिटांची होती. दर आता टिंबात घेतच नाही, रुपये वेगळ्या चौकोनात आणि पैसे वेगळ्या चौकोनात भरायचे, गुणाकार पूर्णांकातच होतो, तोडायला काही उरतच नाही. मागचा हिशोब काढायला मात्र रविवार गेला. दिवाळीपासनं अकरा आठवडे, चौदा बायका, मिळून १३,८६० डझन. डझनाला पैसा म्हणजे १३८ रुपये ६० पैसे. कुणाचे सात रुपये, कुणाचे साडेअकरा. मालकांनी यादी बघितली, म्हणाले सुट्टे कुठं शोधत बसू, सगळ्यांना वीस-वीसची नोट दे. हे सीलिंग.

शनिवारी नोटा वाटल्या. अक्कानं घेतली, पदरात खोचली, आणि विचारलं, "आनी दिवाळीच्या आधीचं? वर्षभर तुमचंच मशीन व्हतं."

मी म्हणलं तेव्हाचं काही नाही अक्का, तेव्हा बरोबर होतं. "कसं काय?" मग मी तिथंच एका रिकाम्या खोक्यावर पेननं काढून दाखवलं, पाव, नवटाक, छटाक, आणि सव्वाचार कसे बसतात आणि पस्तीस पैसे कसे बसत नाहीत. नवटाक तिला माहीत होतं, मला वाटलं नव्हतं. बाकीच्या बायका पण गोळा झाल्या, एक जण म्हणली ह्याला साधं पस्तीस येत नाही आणि ह्याला पगार द्यायचा. मी तेवढं ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

अक्का खोक्याकडं बघत होती. "म्हंजे सव्वाचार कळतंय त्याला."

"कळतंय."

"साडेचार?"

"साडेचार तर एकदम. चार आणि अर्धा."

तिनं खोकं उचललं, मालकांच्या टेबलावर नेऊन ठेवलं, बायका मागं, आणि लूमच्या आवाजाच्या वर आवाज काढून म्हणली, "मालक, सर म्हनतेत कंप्युटरला चार पस्तीस कळत नाही. साडेचार नीट कळतंय म्हनं."

मालकांनी आधी खोक्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.